बेव्हल दिला, तरी कड बिघडते कुठे?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्वयंपाकघराचा सीन चालू आहे. ओट्याच्या ग्रॅनाइटला बेव्हल मॉडिफायर, म्हणजे कड मोडून तिरपी किंवा गोल करणारं साधन, लावला, अमाउंटमध्ये ३ मिलिमीटर टाकले. वरून पाहिलं तर आखूड कडेला जाड पट्टी आणि लांब कडेला बारीक. समोरून पाहिलं तर बेव्हल दिलाच नाही असं वाटतं. दुसरीकडे वरच्या कपाटाला तोच मॉडिफायर लावला, तर आकडा कितीही वाढवा, कड ढिम्म हलत नाही. चिमणीच्या कटआउटपाशी तर एक काळा डाग पडलाय, तो पुसला जात नाही. शेवटी माणूस वैतागून सगळे मॉडिफायर काढतो आणि रेंडर, म्हणजे तयार चित्र, तसाच पाठवून देतो. क्लायंटला काय कळतंय!

कळतं हो. दोन वर्षांपूर्वी एका फ्लॅटचा माझा रेंडर आमच्या सुतार मिस्त्रींनी मोबाइलवर पाहिला आणि म्हणाले, "ताई, रंग बरोबर आहे, माप बरोबर आहे, पण हे कागदाचं खोकं वाटतंय. बोर्ड कुठाय यात?" काय चुकलंय ते त्यांना सांगता आलं नाही. मला आलं, कारण त्या अख्ख्या सीनमध्ये एकाही कडेला बेव्हल नव्हता.

मॉडेलमधली कोरी कड म्हणजे दोन सपाट बाजू जिथे मिळतात ती रेघ. तिला रुंदी शून्य. एक बाजू छताकडे तोंड करून आहे, दुसरी आपल्याकडे, मधलं काहीच नाही. खऱ्या वस्तूला अशी कड नसते. लाकडाची असो, दगडाची असो, पत्र्याची असो, जवळून पाहिलं की ती थोडी वळलेली असते, आणि त्या वळणावर छतापासून आपल्यापर्यंतच्या सगळ्या दिशा येऊन जातात. त्यातली एखादी दिशा खिडकीचा उजेड नेमका आपल्या डोळ्यात फेकते. कडेवरून धावणारी ती बारीक उजळ रेघ नसली, की वस्तूला जाडी आणि वजन असल्याचं डोळा मानत नाही.

हे बहुतेकांना माहीत असतं. अडतं ते पुढे. आणि माझा अनुभव असा, की बेव्हल बिघडला की दहापैकी आठ वेळा दोष बेव्हलच्या सेटिंगमध्ये नसतोच. आपण मात्र तासभर तिथेच सेगमेंट (कापातल्या पट्ट्यांची संख्या) वाढव, प्रोफाइल (वळणाचा आकार) फिरव करत बसतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

आधी स्केल बघा

ऑब्जेक्ट निवडा, कीबोर्डवर 'एन' दाबा, उजवीकडच्या पट्टीत स्केलचे तीन आकडे वाचा. तिन्ही १ नसतील तर पुढचं काही वाचू नका, आधी हे नीट करा.

वरचाच ओटा घ्या. ब्लेंडरचा क्यूब जन्मतः २ मीटरचा असतो. त्याला ऑब्जेक्ट मोडमध्येच, म्हणजे आतल्या बिंदूंना हात न लावता, ओढून २.४ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर जाड केलं, तर स्केलमध्ये १.२, ०.३ आणि ०.०१ असे आकडे दिसतात. मॉडिफायर मात्र अजून त्या मूळ २ मीटरच्या क्यूबवरच काम करतोय. तो इमानदारीत सगळीकडे ३ मिलिमीटर कापतो आणि मग तो काप क्यूबबरोबर ताणला किंवा दाबला जातो. लांबीच्या दिशेने ३.६ मिलिमीटर, रुंदीच्या दिशेने ०.९ आणि जाडीच्या दिशेने ०.०३. केसाहूनही बारीक! समोरून बेव्हल दिसत नव्हता तो यामुळे.

उपाय एका ओळीचा: ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल-ए, मग स्केल. तिन्ही आकडे १ होतात आणि सगळीकडे खरेखुरे ३ मिलिमीटर येतात.

दोन खाचखळगे आहेत. ऑल्ट-डी करून बनवलेल्या जोड प्रतींवर स्केल अप्लाय होत नाही, कारण त्यांचा मेश, म्हणजे बिंदू-कडा-बाजूंचं जाळं, सामायिक असतो. आधी त्यांना सिंगल युझर, म्हणजे स्वतंत्र, करावं लागतं. आणि डाव्या हाताचं शटर, म्हणजे कपाटाचं दार, उजव्या हाताचं करायला कुणी स्केलमध्ये उणे १ टाकलं असेल, तर अप्लाय केल्यावर नॉर्मल्स (प्रत्येक बाजूचं तोंड कुठे आहे ती दिशा) उलटे तर झाले नाहीत ना, हे बघून घ्या. ओव्हरलेमध्ये फेस ओरिएंटेशन चालू करा. बाहेरून लाल दिसलं नाही तर ठीक, दिसलं तर एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन.

आकडा वाढवला तरी कड हलत नाही

इथे गुन्हेगार म्हणून मॉडिफायरमधल्या क्लॅम्प ओव्हरलॅप या खुणेचं नाव घेतलं जातं, पण तो बिचारा पहारेकरी आहे. दोन बेव्हल एकमेकांवर चढायला लागले की तो थांबवतो, आणि थांबवताना नुसत्या त्या कोपऱ्याला नाही, त्या मेशमधल्या सगळ्या कडांना एकच मर्यादा घालतो. म्हणजे कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे कॅमेरा कधीच जाणार नाही, तिथे अर्ध्या मिलिमीटरची एक चिमुकली कड राहून गेली असेल, तर समोरच्या दोन मीटरच्या कडेलाही तिथे मावेल तेवढाच बेव्हल मिळणार. एका पोराने दंगा केला म्हणून अख्ख्या वर्गाला शिक्षा, तसला प्रकार.

ते पोर शोधायची माझी युक्ती: क्लॅम्प ओव्हरलॅप तात्पुरता बंद करा आणि अमाउंट मुद्दाम जास्त ठेवा. जिथे घाण आहे तिथून काटे, सुळे बाहेर येतील. जागा सापडली. आता एडिट मोडमध्ये जाऊन तिथे बघा: एकावर एक बसलेले दोन बिंदू असतील, नाहीतर कुणीतरी एक्स्ट्रूड करून (बाजू ओढून नवी भूमिती काढून) एस्केप दाबलेलं असेल. एस्केपने सरकवणं रद्द होतं, एक्स्ट्रूड झालेली भूमिती तिथेच राहते. नव्या माणसांचे निम्मे दुहेरी बिंदू याच सवयीतून येतात.

सगळं निवडा, 'एम' दाबा, मर्ज बाय डिस्टन्स: ठरावीक अंतराच्या आतले बिंदू एक होतात. मुळात अंतर ०.०००१ मीटर, म्हणजे एक दशांश मिलिमीटर असतं. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. किती बिंदू गेले ते खाली लिहून येतं. शून्य आलं तर अंतर थोडं वाढवा, पण जपून. ०.००२ टाकलंत तर एक मिलिमीटर जाडीचा लॅमिनेट गायब होईल. माझा झालाय. सफाई झाली की क्लॅम्प परत चालू करा.

स्केचअप किंवा कॅडमधून आलेलं मॉडेल

आर्किटेक्टकडून फाइल आली की हा ताप ठरलेला. बेव्हल लावला तर काहीच होत नाही, किंवा प्रत्येक कोपऱ्यावर तिरप्या रेघांचं जाळं उठतं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

काहीच होत नाही, कारण प्रत्येक बाजू सुटी आलेली असते. दिसायला पेटी, खरं तर जवळजवळ ठेवलेले सहा पुठ्ठे. ज्या कडेला एकच बाजू चिकटलेली आहे तिला बेव्हल मिळत नाही. दोन बाजू लागतात. मर्ज बाय डिस्टन्स केलं की पुठ्ठे चिकटून पेटी होते.

जाळं उठतं, कारण सगळे चौकोन त्रिकोणांत चिरून आलेले असतात. सपाट भिंतीवरच्या कर्णाला बेव्हल लागत नाही, पण तो कर्ण कोपऱ्याच्या बिंदूला येऊन मिळतो आणि तिथली जुळणी बिघडवतो. ऑल्ट-जे करून त्रिकोणांचे चौकोन करा, नाहीतर 'एक्स' दाबून लिमिटेड डिझॉल्व्ह, सपाट भागातल्या जादा रेघा जातात. त्यातही बेव्हलनंतर चकाकी वेडीवाकडी दिसली, तर ऑब्जेक्ट डेटामध्ये जिओमेट्री डेटाखाली कस्टम स्प्लिट नॉर्मल्स बसलेले असतील. जुन्या सॉफ्टवेअरने सोबत पाठवलेलं ते सामान आहे, काढून टाका.

३डीएस मॅक्समधून ब्लेंडरकडे आलेल्यांसाठी एक सूचना: तिकडे या कामाला चॅम्फर म्हणतात, आणि बेव्हल नावाची तिकडची कमांड वेगळंच काहीतरी करते. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्येही कड तिरपी मारली की चॅम्फर आणि गोल मारली की रेडियस, हे शब्द रोजचे आहेत. ब्लेंडरने दोन्हींना बेव्हल हे एकच नाव दिलंय: एक सेगमेंट ठेवला तर चॅम्फर, तीन-चार ठेवले तर रेडियस.

दांड्याच्या अंगावर पण बेव्हल आला

मॉडिफायरचा लिमिट मेथड अँगलवर असतो आणि कोन ३० अंश. दोन शेजारच्या बाजूंमधलं वळण ३० अंशांहून जास्त असेल तरच कड कापली जाते. आता ८ बाजूंचा सिलिंडर घ्या: ३६० भागिले ८, म्हणजे प्रत्येक उभ्या कडेवर ४५ अंश. त्या सगळ्या कापल्या जाणार. १६ बाजूंचा घेतला तर साडेबावीस अंश, म्हणजे फक्त वरची-खालची गोल कड कापली जाते आणि तेच हवं असतं. बरोब्बर १२ बाजूंच्या भानगडीत पडूच नका. तिथे वळण नेमकं ३० अंश येतं आणि निकाल कुठल्या बाजूने लागेल याचा भरवसा नसतो. नळ, हँडल, पडद्याचा रॉड यांना १६ किंवा ३२.

काळे डाग आणि ढगाळ चकाकी

बेव्हल जागेवर आहे, पण सपाट बाजूवरच कोपऱ्याकडे ढग आल्यासारखी सावली पसरते. शेड स्मूथ केल्यामुळे मोठी सपाट बाजू आणि चिमुकली बेव्हलची पट्टी यांच्या दिशांची सरासरी निघते, आणि मोठी बाजूही वळलेली असल्यासारखी दिसते. मॉडिफायरच्या शेडिंग भागात हार्डन नॉर्मल्स चालू करा. सपाट बाजू सपाट राहते, वळण फक्त पट्टीपुरतं उरतं. ४.१ च्या आधीच्या आवृत्तीत यासाठी ऑटो स्मूथची खूण चालू असावी लागते. ४.१ पासून ती खूणच गेली आणि तिच्या जागी स्मूथ बाय अँगल हा मॉडिफायर आला. जुने व्हिडिओ बघून ती खूण शोधत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. हार्डन नॉर्मल्सने भागलं नाही तर बेव्हलनंतर वेटेड नॉर्मल मॉडिफायर लावून पाहा.

आता यातली खोच. काटकोनी कडेला एक सेगमेंट दिला की ९० अंशांचं वळण ४५-४५ असं वाटलं जातं. दोन दिले तर साडेबावीस, ४५, साडेबावीस. म्हणजे मधोमध अजून ४५ ची रेघ आहेच! स्मूथ बाय अँगल ३० वर असेल तर ती रेघ तो तीक्ष्णच ठेवतो, आणि गोल हवी असलेली कड छिलल्यासारखी दिसते. लोक सेगमेंट सहा-आठपर्यंत नेतात आणि लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागतो. तो कोन ६० करा, दोन सेगमेंटमध्ये काम होतं. साध्या क्यूबच्या ६ बाजू एका सेगमेंटच्या बेव्हलनंतर २६ होतात. चाळीस शटर आणि शंभर डब्यांच्या सीनमध्ये हा हिशेब ठेवलेला बरा.

बुलियनने, म्हणजे एका आकाराने दुसरा कापणाऱ्या मॉडिफायरने, कापलेल्या भोकापाशी, म्हणजे सिंकचं किंवा शेगडीचं कटआउट असतं तिथे, मात्र यातलं काही चालेलच असं नाही. बुलियन बारीक चिरफाळ्या मागे ठेवतो. आधी सफाई करून बघा. पाच मिनिटांत जमलं नाही तर मी सरळ शेडरमधला, म्हणजे मटेरियलच्या मांडणीतला, बेव्हल नोड वापरते: त्याचा नॉर्मल मटेरियलच्या नॉर्मलला जोडायचा, त्रिज्या टाकायची, झालं. तो मेशला हातच लावत नाही, नुसती चकाकी वळवतो. दोन मर्यादा आहेत. तो फक्त सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये चालतो, ईव्ही या दुसऱ्या इंजिनमध्ये नाही. आणि वस्तूची बाह्यरेषा टोकदारच राहते, म्हणून कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेल्या वस्तूला हा उपाय नको.

सगळं बरोबर आहे, तरी दिसत नाही

इथे गणित करा. फ्रेममध्ये ४ मीटर रुंदीची भिंत मावते आणि रेंडर १९२० पिक्सेल रुंद आहे, तर एक पिक्सेल म्हणजे साधारण २ मिलिमीटर. १ मिलिमीटरचा बेव्हल त्यात अर्धा पिक्सेल. स्थिर चित्रात तो जवळजवळ दिसतच नाही, आणि कॅमेरा फिरवला तर लुकलुकतो. अशा वेळी मी खोटं बोलते: लांबच्या शॉटला २ ते ३ मिलिमीटर, जवळच्या शॉटला खरं माप.

दुसरं, वळणाला परतवायला काहीतरी हवं. चारी बाजूंनी सारखा पांढरा उजेड असेल तर जगातला उत्तम बेव्हलही उमटत नाही. बाजूला एक खिडकी किंवा एक लाइट ठेवा, विरुद्ध बाजू जरा अंधारी राहू द्या. आणि व्ह्यूपोर्टमधली, म्हणजे कामाच्या खिडकीतली, कॅव्हिटी बंद करून बघा. ती सॉलिड मोडमध्ये कडा आपोआप उजळवते, त्यामुळे बेव्हल नसतानाही असल्याचा भास होतो आणि रेंडरमध्ये तो भास येत नाही. मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

आणि आता उलट दुखणं

बेव्हल जमायला लागला की हात सुटतो. सगळ्याला ५ मिलिमीटर, सगळ्याला गोल. मग कपाट, ओटा, भिंत, फ्रिज सगळं साबणाच्या वड्यांसारखं दिसतं, तेही आठवडाभर वापरलेल्या. ही चूक बेव्हल नसण्याइतकीच खोटी, आणि तिचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही. मोजपट्टी घेऊन घरात फिरा.

ग्रॅनाइटवाल्याला ओटा सांगताना आपण हाफ राउंड की फुल राउंड ते सांगतो, तेच मॉडेललाही सांगायचं. २० मिलिमीटरच्या दगडाला फुल राउंड म्हणजे वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांना १० ची त्रिज्या. दोन्ही बेव्हल मधोमध भिडतात, म्हणून मी ९.९ टाकते. हाफ राउंडला फक्त वरची कड. एडिट मोडमध्ये ती निवडून बेव्हल वेट १ करायचं आणि लिमिट मेथड वेटवर न्यायचा. विड्थ टाइप ऑफसेट असला, प्रोफाइल ०.५ असला आणि कड काटकोनी असली, की टाकलेला आकडा म्हणजेच त्रिज्या. दुकानातलं माप थेट चालतं.

१८ मिलिमीटरच्या बोर्डाला पीव्हीसीची पट्टी लावलेली असेल तर ती सहसा ०.८ किंवा २ मिलिमीटरची असते. ०.८ च्या पट्टीला मोठी गोलाई येऊच शकत नाही, तेवढा मालच नाही तिथे. आणि पट्टी न लावता सनमायका कडेवर दुमडून न घेता नुसता कापून कानस मारली असेल, तर तिथे गोलाईपेक्षा वेगळीच खूण असते: लॅमिनेटच्या आतला तपकिरी कागद उघडा पडून कडेने एक काळपट बारीक रेघ दिसते. ही रेघ मॉडिफायरमधून फुकट मिळते. ऑब्जेक्टला दुसरा मटेरियल स्लॉट द्या, त्यात गडद तपकिरी रंग ठेवा आणि बेव्हलच्या मटेरियल इंडेक्समध्ये उणे १ च्या जागी १ टाका. मोजणी शून्यापासून असल्याने १ म्हणजे दुसरा स्लॉट. एक सेगमेंट, एक मिलिमीटर. हे केलेला रेंडर मिस्त्रींना दाखवला तेव्हा ते काही बोलले नाहीत, बोटाने झूम करून कड बघितली आणि विचारलं, "पट्टी नाही लावायची का मग?"

भिंतीला टेकणाऱ्या कडांना बेव्हल देऊ नका. स्कर्टिंग, कपाटाची पाठ, दाराची चौकट यांच्या लपलेल्या कडेला बेव्हल गेला की भिंतीशी एक खाच तयार होते आणि रेंडरमध्ये काळी रेघ येते. वेट वापरून त्या कडा वगळा, नाहीतर वस्तू २-३ मिलिमीटर भिंतीत सारून द्या. मी सारून देते. शटरा-शटरांमधली फट मात्र खरी असते, ती ठेवायची.

एवढं करून एक जागा उरते जिथे मी मॉडिफायरवर विसंबत नाही: जुन्या वाड्याची पायरी, उंबरा, वर्षानुवर्षं वापरातला पाट. त्यांची कड कारागिराने मोडलेली नसते, पावलांनी आणि हातांनी झिजवलेली असते. मधोमध खोलगट, टोकांना अजून धारदार. मॉडिफायर मात्र सगळीकडे एकसारखा काप देतो. तिथे आधी दोन मिलिमीटरचा बारीक बेव्हल देऊन तो अप्लाय करते, मग कडेवर पुरेसे लूप, म्हणजे जादा रेघा, घालून स्कल्प्ट मोडमध्ये मधला भाग हलक्या हाताने घासते.